एक जूनचा केक

...अन् वरून मलाच बोलायचं! कावून? तुमाला सांगतो, अख्ख्या युसूफ वडगावात त्या दिवशी एकच नाव, अंगद्या, अंगद्यानं केलं, धरा अंगद्याला. अन् मी केलतं काय? तानाजीभाऊंच्या संपर्क कार्यालयात कंपुटरवर बसतो मी. भाऊंना जिल्हा परिषदेला उभं राहायचंय, म्हणून रोज सकाळी अडीच हजारांची यादी उघडायची, आज कुणाचा वाढदिवस ते हुडकायचं, अन् एकेकाला मेसेज टाकायचा, "सायंकाळी सहा वाजता कार्यालयात या, भाऊंच्या हस्ते केक कापू." डोळे गेले वो माझे! एक नाव सुटलं की भाऊ सुरू, "सारजाबाई रुसली ना बे, आठ मतं हायती त्या घरात..."

मग मी कंपुटरात एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. लई न्हाई, दहा-बारा वळी. सकाळी आपली आपण चालू होती, आजची तारीख बघती, यादीत ज्याची जुळली त्याला मेसेज, झालं. महिनाभर गुमान चालली, रोज चारपाच माणसं, अर्धा किलोचा केक, एक फोटो. भाऊ इतके खुश, म्हणले, "अंगदा, तुला आपल्या संस्थेच्या कॉलेजात ऑपरेटर म्हणून कायम करतो." सात वर्षं, सात वर्षं मी या एका वाक्यासाठी तिथं बसलोय! आता यात माझं काय चुकलं, सांगा बरं?

उजाडला एक जून. अन् तुमीच सांगा, आपल्याकडं एक जूनला कोण जन्मलं न्हाई? गुरुजींनी शाळेत नाव घालताना विचारलं का कुणाच्या आईला? एक जून, लिही. पुढचा, एक जून, लिही. तीच तारीख दाखल्यावर, तीच आधारवर, तीच माझ्या यादीत. स्क्रिप्टला काय ठावं गुरुजी? तिनं इमानदारीत सहाशे बारा लोकांना मेसेज टाकला, अन् सहाच्या ठोक्याला समदे हजर... टमटम भरभरून, नवीन कापडं घालून! केक अर्धा किलो. भाऊंनी माझं बखोट धरलं, "कॉलेज इसर बे, आधी या माणसांचं काय करू ते सांग!" मी म्हणलं, भाऊ, तारखा गुरुजींच्या, यात माझं काय चुकलं?

तेवढ्यात ज्ञानोबा तात्या पुढं आले, पंच्याहत्तरीचं माणूस, भाऊंचा हात धरला अन् म्हणले, "लेका, जल्मात पहिल्यांदा कुणी म्हणलं, आज तुजा वाढदिवस हाय." अन् रडले वो. मलाबी भरून आलं, खोटं कावून बोलू. अन् भाऊ? भाऊंनी माइक घेतला, "मायबापहो, ही कल्पना लई दिवसांपासून माझ्या डोक्यात होती..." टाळ्यांवर टाळ्या! त्यांच्या डोक्यात!

दुसऱ्या दिवशी मी गेलतो, म्हणलं, भाऊ, ते कॉलेजचं... तर म्हणतात, "येडा का खुळा बे? असलं डोकं मी कॉलेजात घालवू? पुढल्या एक जूनला पाच हजार माणूस पाहिजे. अन् ती स्क्रिप्ट बंद कर, मशीनचा भरवसा न्हाई. समद्यांच्या आमंत्रणाच्या पत्रिका हातानं लिही."

आता यात माझं... जाऊ द्या. ही चौतिसावी चालू हाय. जरा सरका, उजेड येऊ द्या.