‘आम्ही’चं ‘आपण’

नाशिकच्या पासपोर्ट कार्यालयातल्या रांगेत आयशाच्या पुढे सिन्नरकडचं एक वयस्क जोडपं उभं होतं. कुसाबाई नवऱ्याशी हळूच बोलायला गेल्या, पण संशयाला दबका आवाज मानवत नाही.

“आवो, हर्षल जपानात नोकरीला गेल्यापासून कधी ‘ये’ म्हनला नाय. आताच ओसाका कसं आठवलं?”

“तीन दिवस फिरून येऊ म्हनतोय. लय मोठं शहर हाय. किल्ला बघू, बोटीत बसू.”

“किल्ला पोरगं आन् सून बघतील. आपुन हाटेलात नातू खेळवीत बसू.”

“मग नातू नको का तुला?”

“नातू पाहिजे. पन मला येड्यात काढू नका. सोमवारी फोनवर पोरगं काय म्हनलं? ‘आम्ही ओसाकाला चाललोय.’ आन् काल म्हनतं, ‘आई, आपण जाऊ, नाहीतर रुद्रला कोण सांभाळेल?’ ‘आम्ही’चं ‘आपण’ झालं कसं?”

“बोलायच्या भरात होतं.”

“भरात नाय. कुनीतरी शिकवलंय त्याला. सूनच असंल.”

“तिचं नाव घेऊ नको.”

“मग कुनी शिकवलं?”

“मी.”

“तुम्ही?”

“नुसतं माझ्यासंगं फिरायला चल म्हनलो असतो, तर आली असतीस का?”

रांग पुढे सरकली. कुसाबाई जागच्या हलल्या नाहीत. आता या माघारी फिरणार, असं आयशाला वाटलं.

“सरका की पुढं, नंबर जाईल. आन् त्या बोटीत मी कडंला बसनार नाय, आधीच सांगते.”