प्राणी बुजतात!

...नाई, तुमीच सांगा मले! ज्याच्या वावरात रोज रोही घुसते, रोही म्हन्जे तुमची ते नीलगाय हो, त्यानं रोही पाहाले डोंग्यात बसून धरनातल्या बेटावर काऊन जावं? पन गेलतो ना! हरभरा घाट्यावर आलेला, नजर हटली का वावर साफ! पन माहा साळा प्रफुल्ल पुन्याहून आलता, गळ्यात हा एवढा क्यामेरा, "भाऊजी, प्राणी पाहू!" अन् बायको म्हन्ते, "माहा भाऊ कधी नाई तो आला, अन् तुमी हरभऱ्याले कवटाळून बसा!" झालं! बुजगावन्याले माहा शर्ट घातला, म्हनलं सांभाळ बाप्पा, अन् निंगालो.

डोंग्यात खोकललो, तं प्रफुल्ल, "भाऊजी, शांत! प्राणी बुजतात!" बेटावर झुडपात बसलो, मुंगी चावली, तं "भाऊजी, शांत! प्राणी बुजतात!" बरं बाप्पा! मांडी आखडली, डोये फाटले, पन चिमनी नाई दिसली! दिसन कशी? मांगं माह्या सासूनं, कुंताबाईनं, गोवऱ्या पेटवल्या होत्या! आता आमच्याकडे बाहेर जेवाचं म्हनलं का रोडगेच लागते, कनकेचे गोये इस्तवात भाजाचे अन् तुपात बुडवाचे... तं बुढीनं घरून पोतंभर गोवऱ्या आनल्या! एवढा धूर, एवढा धूर, का बाजूचा प्रफुल्ल मले दिसे ना, तं रोही काय दिसन? वरून तिकडून हाक, "जावाईऽऽ, गरमगरम खाऊन घ्या होऽऽ!" त्यायले म्हनलं का कोनी, प्राणी बुजतात? नाई! त्यायच्या हातात तूप होतं.

शेवटी चिखलात खुराचे ठसे सापडले. प्रफुल्ल उपडा पडून फोटो काढून राह्यला. अरे, हे ठसे तं मी रोज सकाळी शिव्या देत बुजवतो!

दिवस बुडता बुडता परत आलो, रस्त्यातच माहं वावर, अन् पाह्यतो तं काय... हरभऱ्यात रोह्यायचं कुटुंबच्या कुटुंब, लेकराबाळायसकट जेवाले! अन् त्यातला मोठा माह्याच शर्टाले मान घासून राह्यला! जीव असा जळला का काय सांगू तुमाले! गोटा उचलला, हाऽऽड म्हनाले तोंड उघडलं, तं या प्रफुल्लनं माह्या तोंडावर हात ठेवला...

"भाऊजी, शांत! प्राणी बुजतात!"

अन् सारे बांधावर चूप. सासूबाई सुद्धा!

जातानी प्रफुल्ल म्हन्ते, "भाऊजी, होळीला मित्रांना घेऊन येतो, त्यांनाही दाखवू."

ये म्हनलं बाप्पा. फक्त येतानी हरभरा घेऊन येजो, प्राण्यायले वाढाले आता काई उरलं नाई.