लेकीच्या गावात माझी मिरवणूक

…न्हाई न्हाई, हसा, तुम्ही खुशाल हसा, तुमचं काय जातंय? पर तुम्हाला सांगतो, माणसाला एकवेळ तुरुंगात टाकावं, पर पाहुणा म्हणून कुणाच्या गावच्या जत्रंत अडकवू नये. तुरुंगात निदान वकील लावता येतो. पाहुण्याला कुटला वकील? पाहुण्यानं नुस्तं हसायचं आन् म्होरं येईल ते गिळायचं. आता तुम्ही म्हणताव, अप्पा, लेकीकडं गेला होताव, वेल्सला, इमानात बसून, समुद्राच्या काठाला दोन महिने ऐश करून आलाव, आन् वरून रडूलालाव व्हय? हाव, रडूलालो. आधी सगळं आयका, मग बोला.

माझी थोरली, मंजुश्री, नर्स हाय. चार वर्सं झाली, तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नोकरीला हाय. गाव एवढंसं. आपली देवणी त्याच्यापरीस मोठी म्हणा. आन् नाव इतकं अवघड, की दोन महिने राहिलो पर गावाचं नाव एकदा बी धड घेता आलं न्हाई, लेकीचं गाव म्हणायचं आन् मोकळं व्हायचं. एक लांबलचक रस्ता, एका अंगाला निळी-पिवळी घरं, दुसऱ्या अंगाला समुद्र. समुद्र तरी कसा? पहिल्या दिवशी सकाळी उठून खिडकीतून बघतो तर समुद्र जाग्यावर न्हाईच. निघून गेलेला. होड्या चिखलात आडव्या पडल्यात, कुत्री हिंडूलालीत… आपण लातूरकडची माणसं, पाणी गेलं म्हणलं की छातीत धस्स होतंय का न्हाई? पोरीला हलवून उठवलं, म्हणलं अगं मंजे, पाणी गेलं, घागरी भरून ठेवल्यात का? तर ती कूस बदलून म्हणती, अप्पा झोपा, दुपारच्याला येतंय ते परत. तवा ध्यानात आलं, इथं समुद्राला बी ड्युटी हाय.

बाकी माणसं चांगली, खोटं कशाला बोलू. पाऊस वरून पडत न्हाई, बाजूनं येतो. आन् त्या आडव्या पावसात म्हातारा-म्हातारी बाकड्यावर बसून कागदातले तळलेले बटाटे खातेत, समुद्राकडं बघत, एकमेकाशी एक शब्द न बोलता. मी बी एकदा बटाटे घेऊन बसलो, तर कोंबड्याएवढं एक पाखरू आलं, माझ्या हातातनं बटाटा ओढला आन् माझ्याचकडं रागानं बघून गेलं. आन् ती बोली? त्यांची घरातली बोली येगळी, हापिसातली इंग्रजी येगळी, रस्त्यावरच्या पाट्या बी दोन दोन भाषेत. म्हणलं हे तर आपल्यासारखंच झालं, घरात कन्नड, बाजारात मराठी. लई आपलं वाटलं मला. तिथंच फसलो.

झालं काय, की मंजुश्रीच्या ओळखीची एक बाई चहाला आली. ग्वेनबाई. पंच्याहत्तरीची, आखूड पांढरे केस, गुलाबी रेनकोट. तिचा नवरा ह्याच आश्रमात गेला, आन् शेवटचं त्याचं सगळं मंजुश्रीनं केलं, म्हणून बाईचा पोरीवर जीव. आता पाहुणी घरी आली, मला तिची भाषा येत न्हाई, तिला माझी येत न्हाई, बसायचं कसं? म्या मोबाइल काढला आन् आपल्या वळूचा फोटो दाखवला. जनावरांच्या परदर्शनात पहिला आलेला, आपल्या देवणी जातीतला वान्नेरा. पांढरं फेक अंग, आन् तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या कुळकुळीत. शेजारी मी, डोक्याला फेटा. बाईनं टाळ्या वाजवल्या. मला बी जरा फुगायला झालं, खोटं कशाला बोलू, आणखी चार फोटो दाखवले. बाई मंजुश्रीला कायकी बोलली, मंजुश्रीचं तोंड असं उजळलं. म्हणती, अप्पा, पुढच्या आठवड्यात गावची जत्रा हाय, समुद्रात बुडणाऱ्याला काढणाऱ्या होडीसाठी वर्गणी गोळा करतेत, ग्वेनबाई जत्रंची अध्यक्ष हाय, आन् ती म्हणूलाली, तुमचे वडील जनावरातले जाणकार, तर यंदा मिरवणुकीत सगळ्यात म्होरं मान त्यांचा. म्या म्हणलं, बरं की. हात जोडले. हसलो. मग इचारलं, म्हणजे चालायचं व्हय म्होरं? ती म्हणली, चालायचं न्हाई, बसायचं. ग्वेनबाईची गाढवं हायेत.

आता हे तुम्हाला उकलून सांगायला पाहिजे का? तिकडं समुद्राच्या काठाला लेकरं हौसेनं गाढवावर बसतेत, पैसे देऊन. आपल्याकडं कोण बसतंय गाढवावर? बसतंय म्हणण्यापरीस कुणाला बसवतेत? चोर घावला तर. कुणाच्या लेकीबाळीची छेड काढली तर. न्हाईतर धुळवडीला एखादा जावई तावडीत घावला तर. आन् मी कोण? बासष्ट वर्सांचा माणूस, तंटामुक्तीचा अध्यक्ष. गावातली भावकीची भांडणं माझ्या वट्यावर मिटतेत. माझ्या शब्दावर माणसं बांध सोडतेत. आन् मी गाढवावर? पळून जावं म्हणलं तर रस्ता एकच. म्होरं समुद्र, मागं लेक… जावं कुटं माणसानं?

बाई गेल्यावर म्या पोरीला सरळ सांगितलं, हे जमायचं न्हाई, उद्या फोटो देवणीला गेला तर माझ्या वट्यावर भांडण घेऊन कोण येईल? ती भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणाचा मला सराव हाय. कपबशा धुता धुता पाठमोरीच म्हणली, "अप्पा, चार वर्सं मी ह्या रस्त्यानं ये-जा करूलाले. माणसं चांगली बोलतेत, पर पाव्हणीसंगं बोलावं तसं. पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं, तुझ्या घरच्या माणसाला मान देऊ. मी न्हाई कसं म्हणू?"

आता काय बोलता? ह्याच पोरीला म्या लातूरच्या नर्सिंग कॉलेजला सोडताना सांगितलं होतं, परक्या गावात आधी माणसं जोडावीत. माझीच अक्कल माझ्याच आंगावर आली. म्होरं समुद्र, मागं लेक.

तरी तुम्हाला सांगतो, म्या आशा सोडली न्हाई. गुडघे दुखतेत म्हणलं. पर पोरगी नर्स, गुडघे दाबून बघितले, म्हणली ठणठणीत हायेत. मग कळलं, गाढवाला बी कायदा हाय तिकडं. वजनदार माणूस बसवत न्हाईत. आन् माणसाचं वजन ते दगडात सांगतेत, आठ दगडाच्या, म्हणजे आपल्या पन्नासेक किलोच्या म्होरचा माणूस चालत न्हाई. मला काट्यावर उभं केलं, मी आतच. उभ्या जन्मात पहिल्यांदा हडकुळं असल्याचं दुःख तवा झालं. मग म्या खायला लागलो. बटाटे खाल्ले, केक खाल्ला, लोणी थापून पाव खाल्ला, नको नको म्हणणारा माणूस मी, मागून मागून घेऊ लागलो. मंजुश्री खूश, अप्पाला हवा मानवली. ग्वेनबाई खूश, ती रोज नवा केक घेऊन येऊ लागली. गौरम्माला, म्हणजे आमच्या हिला, फोनवर कळलं तर ती म्हणती, माझ्या हातचं कवा असं खाल्लं न्हाई ते. तिकडं बी गुन्हेगार मीच. आन् जत्रंच्या सकाळी काट्यावर उभं राहिलो तर काय? तेवढंच. जेवढं खाल्लं तेवढं फिकिरीनं जाळलं.

शेवटचा भरवसा पावसावर होता. आन् पाऊस आला, असा आला की म्या मनातल्या मनात नारळ कबूल केला. पोरीला म्हणलं, आता रद्दच असंल की. तर तिनं ग्वेनबाईला इचारलं, आन् ग्वेनबाई पोट धरधरून हसली. म्हणली म्हणं, पावसासाठी जत्रा थांबवायची असती तर ह्या गावात एक बी जत्रा झाली नसती.

मग आणलं गाढव. नाव हेन्री. कपाळपट्टीवर नाव लिहिलेलं. माझ्यापरीस स्वच्छ, माझ्यापरीस शांत, अंगाला झूल. ग्वेनबाई म्हणती, फेटा बांधा, फोटोतल्यावाणी. बांधला. म्हणती, थांबा, हार घाला, आन् कागदी फुलांचा हार गळ्यात घातला. म्होरं बँड आला, ढोल बडवत. मागं लेकरांची फौज, आरडाओरडा करत. आता मला सांगा, गाढव झालं, ढोल झाला, हार झाला, पोरं झाली… धिंड म्हणायला काय कमी होतं? एकच. तोंड काळं करायचं राहिलं होतं. म्या मनात म्हणलं, चला, तेवढी तरी इज्जत देवानं ठेवली.

तेवढ्यात एक पोरगी रंगाचा डबा घेऊन आली.

त्यांच्याकडं जत्रंत तोंड रंगवून घेतेत, वाघ काय, मांजर काय. आन् ग्वेनबाईनं, देव तिचं भलं करो, लई प्रेमानं, तिला आपल्या वळूचा फोटो दाखवून ठेवलेला. ह्यांच्या मानाच्या जनावरावाणी ह्यांना रंगवा म्हणून. दोन्ही गाल काळे कुळकुळीत! पोरगी किती मन लावून रंगवूलाली, जिभेचा शेंडा बाहेर काढून. तिला काय म्हणावं? इकडं मंजुश्री हात जोडून उभी, तिकडं भरती आलेली, लाटा पार कठड्यावर. म्होरं समुद्र, मागं लेक. बसलो.

निघाली मिरवणूक. मी मान खाली घालून हेन्रीच्या कानाकडं बघूलालो. मनात म्हणूलालो, हे माझं गाव न्हाई, मला इथं कुणी वळखत न्हाई, हे लवकर सरू दे. आन् मग आवाज यायला लागले. मंजुश्री. मंजुश्री. दोन्ही अंगाला माणसं उभी, छत्र्या घेऊन, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी दुकानाच्या दारात, आन् नाव घेत होती माझ्या पोरीचं. कुणी मंजुसिरी म्हणतंय, कुणी मान्जुश्री, पर घेतेत. एक म्हातारा खुर्चीतनं उठून उभा राहिला, तिचा हात हातात घेतला, सोडंना. पोरगी माझ्या बाजूनं चालूलाली, भिजलेली, हसूलाली, आन् चार वर्सांत फोनवर तसं हसलेली म्या बघितली नव्हती. लई वाटलं हो. ह्या परक्या मुलखात माझ्या लेकीला आपलं म्हणणारी एवढी माणसं हायेत, हे बघायला मला गाढवावर चढावं लागलं. चढलो. आन् रडलो. भर रस्त्यात, फेटा बांधून, हुंदके देऊन.

आता रडलो की काय होणार? रंग वितळला. वरून पाऊस, आतून डोळे. गालावरचा काळा नाकावर आला, नाकावरचा कपाळाला लागला, म्या हातानं पुसलं तर सगळीकडं पसरला. आख्खं तोंड काळं! आन् त्याच घडीला ग्वेनबाईच्या जत्रंच्या फोटोवाल्यानं फोटो काढला, त्यांच्या गावच्या नेटवरच्या पानावर टाकला, त्याला मंजुश्रीचं नाव जोडलं, आन् हेन्री अजून वळणावर पोचला नव्हता तर माझा फोन वाजला. पुतण्या, सुदर्शन, देवणीहून. रडवेला आवाज. "अप्पा, कुणी धरलं तुम्हाला? कुणाचं काय केलं तुम्ही तिकडं?"

गाढवावर बसून फोनवर काय समजावून सांगता? म्या म्हणलं, बाबा, हा मान हाय. तो म्हणला, अप्पा, मारलं बी का हो?

मग मंजुश्रीनं रात्री त्याला नीट समजावलं. जत्रा सांगितली, होडी सांगितली, पहिला मान सांगितला. त्याला पटलं. जरा जास्तच पटलं.

परवा उतरलो मी देवणीला. ष्टँडासमोर बघतो तर फ्लेक्स. दुमजली घराएवढा. त्यावर हेन्री, हेन्रीवर मी, तोंड काळं, तोंड वासून रडूलालो, आन् हेन्री मातर दात काढून हसूलालाय. वर लिहिलंय, आमचे मार्गदर्शक महादेवप्पा यांची साता समुद्रापार भव्य मिरवणूक, हार्दिक अभिनंदन. आन् खाली शुभेच्छुक, सगळ्या भावकीचे फोटो, गॉगल घालून. कालपरवापर्यंत एकमेकाचं तोंड न बघणारे दोन चुलत भाऊ बी शेजारीशेजारी. त्यांचा तंटा मी तीन बैठका घेऊन मिटवू शकलो नव्हतो.

आता उतरवा कसा म्हणू? उतरवा म्हणलं तर, म्हणजे धिंडच होती म्हणतील. राहू द्या म्हणलं, तर राहतोयच. आन् उतरवला तर त्या दोघा भावांपैकी आधी कुणाचा फोटो खाली घ्यायचा म्हणून नवा तंटा माझ्याच वट्यावर यायचा. म्हणून सकाळी ह्या हाटेलात येऊन बसतो, फ्लेक्सकडं पाठ करून, चहा पितो. समोरच्या आरशात बघतो, तर येणारी-जाणारी माणसं थांबतेत, वर बघतेत, हात जोडतेत आन् म्होरं जातेत.

मला जोडतेत का हेन्रीला, ते काय म्या इचारलं न्हाई.