गहू परत ने

नाही नाही, गहू नको — पोती गाडीतच राहू दे, दीप्ती, उगाच कंबर मोडून घेऊ नकोस. दुष्काळातल्या गुरांना गवताचे गठ्ठे घ्यायला देणगी चालेल, कुत्र्यांचं खाणं चालेल, फार्मवाल्या नोएलीनला चहा-बिस्किटं चालतील. गहू नाही. हो, माहितेय, मंडळाच्या ग्रुपवर ‘धान्यही आणा’ असं आलं होतं — ते मी नव्हतं टाकलं. बस, चहा ठेवते. नको? बरं. मग हा कागद घे, मीच केलाय — उपाशी मेंढीला काय द्यायचं, किती द्यायचं, अडलं तर फोन कुणाला करायचा. धान्य द्यायचंच तर पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅम. मूठभर. मग दोन आठवडे थोडं थोडं वाढवायचं. का? अगं, सवय नसलेल्या मेंढीने एकदम किलोभर गहू खाल्ला ना, की पोटात नुसतं आम्ल होतं. दुसऱ्या दिवशी ती पाय ओढते, तिसऱ्या दिवशी आडवी. गाईचंही तेच. मला कुठून कळलं? शिकले. दुष्काळ-मदतवाल्यांचे वेबिनार असतात, भाजी चिरता चिरता सगळे ऐकले. कण्यावर बोटं फिरवून मेंढी किती खंगलीय ते सांगता येतं मला आता. मंडळाने सत्कारही केला. शाल असेल कुठेतरी.

तू नवीन आहेस, तुला गेल्या वर्षीचं माहीत नसणार. वसुबारसेला मंडळाचा मदतीचा ट्रक गेला होता आपला, हॅमिल्टनच्याही पुढे, नोएलीन आणि रॉसच्या फार्मवर. मेंढ्या आणि बीफची गुरं — हो, बीफ. त्या गाईंचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, विचारायचं नाही एवढंच. नोएलीन म्हणाली, पूजा करा ना, वासरू आहे. रॉसने वासरू धरलं. पंचाहत्तरीचा माणूस, पन्नास वर्षं मेंढ्यांत गेलेली, अधूनमधून विसरायचा — मला तीनदा नाव विचारलं त्याने, चित्रलेखा काही त्याच्या तोंडात बसेना, मग नुसतं ‘लव्ह’ म्हणायला लागला. मी त्यालाही कुंकू लावलं. त्याने पुसलं नाही, तसाच हिंडत होता दिवसभर. मेंढ्यांचा चारा, हाडं, लोकर — काय काय सांगत होता, अर्धं कळलं नाही. चांगला माणूस. आहे, म्हणजे अजून आहे.

तेव्हाही गहू नेला होता आपण. दोन पोती, वीस-वीस किलोची, गिरणीवाल्या कुशलकडची. नोएलीन म्हणाली, शेडमध्ये ठेवा, रॉस रोज थोडा थोडा मिसळेल. तिने सांगितलं होतं — हे लक्षात ठेव हं, तिने सांगितलं होतं — की आज फक्त गवत, दुसरं काही देऊ नका. मग सगळे चहाला आत गेले. मी बाहेरच राहिले, माझा उपास होता, आत मैद्याचे स्कोन्स होते, वसुबारसेला गहू चालत नाही आपल्याला. शेडमागे छोट्या कुंपणात एकोणीस मेंढ्या होत्या, अगदी खंगलेल्या, वेगळ्या काढलेल्या. बघत होत्या माझ्याकडे. आईकडे सणाला दारात गाय आली की सुपात धान्य घेऊन जायचो आम्ही, रिकाम्या तोंडी नाही पाठवायची तिला — आणि या तर उपाशी. एक बादली दिली. मग वाटलं, मागच्या दोघींना मिळालंच नाही, पुढच्याच ढुशा मारून खातायत. अजून एक दिली. मग अजून. दोन्ही पोती संपली तेव्हा कुठे बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं, दीप्ती. पोत्यांच्या नीट घड्या घातल्या आणि शेडमध्ये ठेवल्या. कुणाला बोलले नाही — दिलेलं काय सांगत सुटायचं?

तिसऱ्या दिवशी नोएलीनचा फोन. अकरा मेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, तुम्ही एवढं प्रेमाने आणलंत आणि रॉसने सगळा गहू एका दमात घातला गं त्यांना. पोत्यांच्या घड्यासुद्धा घालून ठेवल्या. त्याला आठवत नाही, पण तोच म्हणतो — मीच असणार. मी काय म्हणाले? ‘ओह नो, नोएलीन.’ एवढंच. फोन ठेवला, कपड्यांच्या घड्या घातल्या. म्हटलं, उद्या सांगते. उद्या शाळेतून नातीला आणायचं होतं.

नंतर तिने शेडच्या किल्ल्या काढून घेतल्या त्याच्याकडून. मग गाडीची किल्ली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं तिने, की मेंढ्यांचंही भान राहिलं नाही आता. डॉक्टर म्हणाले, मग घरी ठेवणं अवघड आहे. — नाही, विसरत होताच तो, ते खरं आहे, नाव तीनदा विचारलं ना माझं? आज ना उद्या झालंच असतं. असं मी रोज म्हणते. रडू येईल म्हणून वाट बघितली सुरुवातीला, आलं नाही. आता वाट पण बघत नाही. कागद मात्र छान झालाय, नाही का? नोएलीनने पण लावलाय शेडमध्ये. म्हणाली, रॉसला थोडं आधी हे मिळायला हवं होतं.

काय? — हो, अजूनही सांगता येईल तिला. फोन तिथेच आहे, टेबलावर. काल तिचाच आला होता. येत्या सोमवारी रॉसला केअर होममध्ये ठेवायला नेतायत, म्हणून म्हणाली, या शनिवारी ट्रकबरोबर तू नक्की ये, लव्ह. तो थांबलाय तुझ्यासाठी. बाकी काही आठवत नाही त्याला, पण ते लाल टिकलीवाल्या बाईचं धरून बसलाय — तिचा गहू वाया घालवला, तिला सॉरी म्हणायचंय.

शनिवारी तू जा. माझे गुडघे दुखतात म्हणून सांग. — असं बघू नकोस. पोती परत ने, आणि जाताना गॅरेजचं दार ओढून घे.