आमच्या ह्यांचं ‘आत्ता’चं पान

...नाही, पण मी काय म्हणते, त्याला कुलूप नाही, पासवर्ड नाही, जगातल्या कुणीही उघडावं आणि वाचावं, अनोळखी माणसं वाचतात, वाट चुकलेली माणसं वाचतात, आणि ज्या बाईने एकोणतीस वर्षं ह्या माणसाचे मोजे जोड्या लावून कपाटात ठेवले, तिलाच तेवढं दिसू नये? हसू नका. तुम्हाला सांगते, यात हसण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण ते तुमच्यासाठी, माझ्यासाठी नाही.

आमचे हे मुळात बोलणाऱ्यातले नाहीत. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहेत. दिवसभर लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उभं राहून वर बघायचं, आता तिथे बोलणार कुणाशी? ते मी समजू शकते. पण घरी खड्डा नाहीये हो! घरी मी आहे! तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसतात, दिवसाला मोजून नऊ शब्द, त्यातले चार ‘हं’. लग्नाच्या आधी माझी आई म्हणाली होती, ‘‘मुलगा शांत आहे, सुखात राहशील.’’ शांत आहे! अगं आई, कपाटसुद्धा शांत असतं!

आणि दोन वर्षांपूर्वी ह्यांनी इंटरनेटवर साइट काढली. स्वतःची. म्हणजे बाकीचे लोक कसे, कुठेतरी फोटो टाकतात, अंगठे मिळतात, विषय संपतो... तसं नाही. ‘‘ती दुसऱ्याची जागा. ही आपली.’’ पाच शब्द! एका दमात! मी हातातली इस्त्री खाली ठेवली. मग कळलं की ह्या साइटवाल्या लोकांत तयार काही वापरायचं नाही, एकेक ओळ आपल्या हाताने लिहून पान बांधायचं, तयार वापरलं की कमीपणा. त्यात माझी मागची खोली गेली. शिवणयंत्र पॅसेजमध्ये आलं, त्याच्या जागी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर काय, तर फावडं घेतलेला एक टिकलीएवढा माणूस, सारखा खणतोय, आणि खाली पाटी, ‘काम चालू आहे’. आठ महिने! आठ महिने तो माणूस खणत होता आणि साइटवर दुसरं अक्षर नव्हतं! मी विचारलं, ‘‘अहो, पान होणार तरी कधी?’’ तर माझ्याकडे बघून म्हणतात, ‘‘झालंय की. हेच पान आहे.’’

बरं, एक दिवस नाचत बाहेर आले. नाचत म्हणजे आपलं, एक भुवई वर. ‘‘अकरा केबीवर आणलं!’’

म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘पान. आधी चौदा होतं.’’

डॉक्टर घसा फोडून सांगतायत, अहो वजन उतरवा, वजन उतरवा, ते तसूभर हललं नाही, आणि पान मात्र बारीक!

पण खरं दुखणं पुढेच आहे. तिथे बोलतात हो ते! भडाभडा! लिफ्टच्या बटणांवर चौदा पानं लिहिलीत. कुठलं बटण बोटाला कसं लागतं, कुठली घंटा गोड वाजते... आणि एका ठिकाणी लिहिलंय, ‘सकाळी सगळ्यात पहिल्यांदा रिकामी लिफ्ट वर पाठवायला मला आवडतं.’ मला आवडतं! ह्या माणसाला काहीतरी आवडतं ही बातमी मला एकोणतिसाव्या वर्षी लागली, आणि तीही बाहेरून! आणि घरी विचारावं तर?

‘‘अहो, दुपारी जेवलात का नीट?’’

‘‘साइटवर टाकलंय.’’

‘‘पाठ कशी आहे?’’

‘‘साइटवर टाकलंय.’’

‘‘काय हो, मी बोलतेय ते ऐकू येतंय का?’’ त्यावर जरा थांबले. ते अजून टाकलं नव्हतं बहुतेक.

कारण त्यांच्यात एक रीत आहे म्हणे. प्रत्येकाने आपल्या साइटवर एक पान ठेवायचं, ‘आत्ता’ नावाचं, आणि सध्या आपण काय करतोय ते त्यावर लिहायचं. जगाने काळजी करू नये म्हणून! आणि एक वही असते, आलेल्या पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची. मीही एकदा लिहिलं, म्हटलं बघू तरी. लिहिलं, ‘पान छान आहे. जेवायला वाढलंय.’ दोन मिनिटांत उत्तर! ‘आपण वेळ काढून भेट दिलीत, मनःपूर्वक आभार. लवकरच येतो.’ शेजारच्या खोलीतून! आपण! मला... आपण!

शिवाय ह्यांची एक साखळी आहे. वीस-बावीस साइटवाले. प्रत्येकाच्या पानाच्या तळाशी दोन बाण, एक डाव्या शेजाऱ्याकडे नेतो, एक उजव्या, असं एकाकडून दुसऱ्याकडे जात जात माणूस फिरून घरी. ह्यांचे उजवे शेजारी म्हणजे छत्रीवाले. हे गृहस्थ काय करतात, तर लोक विसरून गेलेल्या छत्र्यांचे फोटो काढतात आणि कुठल्या बाकावर सापडली ते लिहितात. संपलं. तीनशे छत्र्या झाल्या! आमच्या खऱ्या शेजाऱ्यांचं आडनाव ह्यांना आजतागायत ठाऊक नाही, पण छत्रीवाल्यांना दर रविवारी पत्र. पत्रात काय लिहिता म्हटलं तर... हो, बरोबर ओळखलंत. साइटवर टाकलंय.

मग मी ठरवलं, अडला हरी... पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवरा बोलत नाही ना, नवरा वाचू! मी चष्म्याच्या दुकानात आहे, काउंटरवर. सव्वानऊला शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत दहा मिनिटं मोकळी असतात. रोज सव्वानऊला फोनवर ‘आत्ता’ उघडायचं. अगदी नेमाने. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘मागच्या दाराच्या बिजागऱ्या बदलतोय. जुने स्क्रू गंजलेत.’ म्हटलं छान. दुसऱ्या दिवशी, बिजागऱ्या बदलतोय. तिसऱ्या दिवशी, बिजागऱ्या. एक आठवडा बिजागऱ्या, दुसरा आठवडा बिजागऱ्या, आणि गंमत म्हणजे दार मला बसलेलं दिसत होतं हो! लोण्यासारखं उघडत होतं! पण मी काय म्हटलं, साइटवर टाकलंय ना, म्हणजे काहीतरी राहिलं असणार. बघा म्हणजे, माणूस स्वतःचं दार सोडून साइटवर विश्वास ठेवायला लागतो!

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, नणंदेचा फोन.

‘‘वहिनी, कमाल आहे हो तुमची! मी असते तर नसतं बाई जाऊ दिलं.’’

‘‘कुणाला?’’

‘‘कुणाला काय, दादाला! दोन वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत. आणि दहा तासांचा प्रवास!’’

मी म्हटलं, ‘‘तुला कुणी सांगितलं हे?’’

‘‘सांगायचं काय त्यात? साइटवर टाकलंय की!’’

मी फोन बाजूला धरून ‘आत्ता’ उघडलं. बिजागऱ्या! म्हटलं, ‘‘अगं, इथे तर बिजागऱ्या आहेत.’’ ती म्हणे, ‘‘वहिनी, चष्मा लावलाय ना?’’ मला! मला विचारते! दिवसभर मी लोकांना पाटीसमोर बसवून म्हणते, खालची ओळ वाचा, आता त्याच्या खालची वाचा... आणि मलाच!

सरळ मागच्या खोलीत गेले. हे अंघोळीला गेले होते. कॉम्प्युटरवर ‘आत्ता’ उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. तारखा घातल्या होत्या, शिस्त आहे माणसाला. पहिली तारीख, ‘कंपनी नवीन गावात शाखा काढतेय. दुरुस्तीची सगळी टोळी माझ्या हाताखाली देतायत, दोन वर्षांसाठी. घरी विचारून ठरवीन.’ चार दिवसांनी, ‘घरी विचारायचं म्हणून वर लिहिलंच आहे. ही रोज सकाळी सव्वानऊला पान बघते, भेटींच्या आकड्यावरून कळतं. उत्तराची वाट बघतोय.’ आठवड्याने, ‘ही रोज येते, वाचते, काही म्हणत नाही. रागावली असेल का?’ आणि परवाची तारीख, ‘अजून हरकत आलेली नाही. म्हणजे चालेल असं दिसतं. सोमवारी होकार कळवतो.’ आणि त्याखाली वहीत छत्रीवाले, ‘इतकी समजूतदार पत्नी मिळायला भाग्य लागतं!’

समजूतदार! अहो, मला कुणी समजूच दिलं नाही!

हे केस पुसत बाहेर आले. मी माझा फोन पुढे केला. बघितलं त्यांनी. पुन्हा बघितलं. टॉवेल तसाच डोक्यावर. म्हणाले, ‘‘अरे...’’

‘‘काय अरे?’’

‘‘पान पटकन उघडावं म्हणून मीच सोय केली होती. एकदा फोनने घेतलं की महिनाभर तेच जपून ठेवायचं. पुन्हा मागवायचं नाही.’’

‘‘म्हणजे जो माणूस रोज येतो, त्याला काय दिसतं?’’

‘‘...जुनं.’’

‘‘आणि जो जन्मात पहिल्यांदा येतो? रस्ता चुकून?’’

‘‘ताजं.’’

ऐकलंत? परक्याला ताजं आणि घरच्याला शिळं! आणि भेटींचा आकडा तेवढा नवा नवा वाढत होता, म्हणजे माझी हजेरी लागत होती आणि तास भलताच चालला होता!

खरं सांगू का, तेव्हा मला राग नाही आला. वाईट वाटलं. म्हणजे हा माणूस तीन आठवडे रोज सव्वानऊला कामावर कुठल्यातरी खड्ड्यात उभा राहून फोनवर आकडा बघत होता, एकने वाढला, आली, वाचलं, आता संध्याकाळी काहीतरी म्हणेल... आणि संध्याकाळी मी काय म्हणत होते? ‘‘टॉवेल वाळत घाला!’’

मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘तोंडाने विचारा.’’

‘‘काय?’’

‘‘जे लिहिलंय ते. तोंडाने. मी इथे उभी आहे.’’

तुम्हाला सांगते, त्या माणसाला पाचव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट हाताने खाली आणताना मी पाहिलंय, तेव्हा एवढा घाम नव्हता आला. खुर्चीवर बसले. उठले. टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, ‘‘गाव लांब आहे. काम मोठं आहे. तिथे जुन्या लिफ्ट आहेत, जाळीच्या दाराच्या... मला आवडेल. पण तुला एकटीला टाकून... तू काय म्हणतेस?’’

वीस-एकवीस शब्द असतील. मी मोजले नाहीत. मोजावंसं वाटलं नाही.

मी म्हटलं, ‘‘मला नाही चालणार. तुम्ही बोलत नाही त्याची मला सवय झालीय. पण न बोलणारा माणूस घरात असणं वेगळं आणि घरात माणूसच नसणं वेगळं. मला तुम्ही इथे हवे आहात.’’

त्यावर हे म्हणाले, ‘‘बरं.’’

बरं! बास! एकोणतीस वर्षांत मी पहिल्यांदा असलं काही बोलले आणि त्यावर, बरं! सोमवार आला. मी सकाळपासून दुकानात चुळबुळतेय, सांगितलं का कंपनीला, नाही सांगितलं, फोन करतील, आज तरी करतील... फोन नाही. संध्याकाळी घरी आले, बूट काढले, बसले. म्हटलं, ‘‘अहो, काय झालं?’’ आणि काय सांगू तुम्हाला, तोंड उघडलं, मी श्वास धरला... ‘‘साइटवर टाकलंय!’’

टाकलं होतं. ‘जात नाही. हिला मी इथे हवा आहे.’ पण ते दिसलं मला! लगेच दिसलं! महिनाभर जपून ठेवायची ती सोय काढून टाकली होती ह्यांनी. आता पान उघडायला जरा थांबावं लागतं, ज्या माणसाने एकेका केबीसाठी रविवार घालवले त्याचं पान! छत्रीवाल्यांनी वहीत विचारलंसुद्धा, ‘आपलं पान अलीकडे मंदावलं आहे का?’ ह्यांचं उत्तर, ‘हो. घरच्या कारणामुळे.’ दुकानात वाचलं मी ते. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, थांबा हं, मला जरा खालची ओळ दिसत नाहीये.

आणि पुढच्या रविवारी मला बोलावून म्हणाले, ‘‘हे तुझं.’’ बघते तर पान! माझं! अकरा केबीचं! वर फावडेवाला माणूस खणतोय! साखळीतही घातलं मला. पण साखळीत नवीन माणूस कुठे घालायचा ते साखळीचा मुकादम ठरवतो म्हणे, आणि त्याने मला कुठे घातलं? छत्रीवाल्यांच्या पलीकडे! म्हणजे ह्यांच्या पानावरून माझ्या पानावर यायचं तर मध्ये छत्रीवाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळशाच्या वाटेवर तीनशे छत्र्या!

असू दे म्हटलं. पण परवा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. ह्यांना चारदा सांगितलं. हं. पाचव्यांदा सांगितलं. हं. शेवटी मी छत्रीवाल्यांच्या वहीत लिहिलं, ‘भाऊ, डावीकडे निरोप द्याल का, नळ गळतोय.’ दहा मिनिटांत, अहो दहाच मिनिटांत, हे पाना घेऊन ओट्याशी हजर! ‘‘सांगायचंस ना मला,’’ म्हणतात! तेव्हापासून असंच चाललंय. ह्यांना माझी कुठली भाजी आवडली तेही मला छत्रीवाल्यांकडूनच कळतं, आणि माणूस भला आहे, शब्द न गाळता पोचवतो.

फक्त आता छत्रीवाल्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय. तीन आठवडे दवाखान्यात. सगळं नीट होऊ दे बिचाऱ्यांचं, माझं काही म्हणणं नाही... पण तुम्हीच सांगा, तीन आठवडे आमच्या घरात बोलायचं कुणी?