नंतरचा मजला

सन्माननीय अध्यक्ष श्री. थर्लो, आदरणीय पाद्रीबाबा, संग्रहालयातून मुद्दाम आलेले श्री. पेल्हम, आजच्या सत्कारमूर्ती हेस्टर गॅरड, आणि चहा थंड होत असतानाही शांत बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

हेस्टरबाईंच्या शेजारात माझा जन्म गेला, म्हणून निरोपाचं बोलायचं काम माझ्याकडे आलं. सफोक परगण्याच्या या कोपऱ्यात त्यांच्या घरासारखं घर दुसरं नाही. ओकचे खांब, ओकच्या तुळया, सांध्यांना लाकडी खुंट्या आणि मधे कुडाच्या भिंती. वारा सुटला की सगळं घर कुरकुरतं. त्यांचे यजमान वॉल्टर म्हणायचे, "कुरकुरतंय तोवर काळजी नको. गप्प झालं की मला हाक मारा." वॉल्टर आधी गेले, घर आपलं कुरकुरतच राहिलं.

आता तिथून नवा रस्ता जाणार. पाडून जळण करण्यापेक्षा घर सुटं करून जुन्या घरांच्या संग्रहालयात, त्यांच्या मोकळ्या आवारात पुन्हा उभारायचं ठरलं, तेव्हा आपण सगळ्यांनी याच सभागृहात टाळ्या वाजवल्या. मग पेल्हमसाहेबांनी आराखडा पसरला. त्यात वरचा मजला नव्हता, धुराडंही नव्हतं. घर पहिल्यांदा बांधलं तेव्हा म्हणे जमिनीपासून छपरापर्यंत एकच मोकळं दालन होतं आणि मधोमध शेकोटी पेटायची. वरचे वासे अजून काजळीने काळे आहेत, म्हणजे खोटं नाही. संग्रहालयात घर त्या मूळ रूपातच उभं राहणार. मजला नंतर घातलेला आहे, असं साहेब अगदी अदबीनं म्हणाले.

त्या मजल्यावर हेस्टरबाईंची मुलं जन्मली. वॉल्टरनी तिथंच डोळे मिटले. बाईंनी आराखडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "नंतरचा? बरं. मग आम्हीही नंतरचेच."

जाणकारांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? घर वाचलं, हे खरंच. पण कुणाचं वाचलं? मला फार वाईट वाटतं, आणि केक कापण्याआधीच ते बोलून टाकतोय.

परवा मी बाईंना विचारलं, उद्घाटनाला जाल ना? म्हणाल्या, "जाईन की. मधोमध उभी राहीन आणि नातवंडांना वर बोट करून सांगेन, तिथं हवेत माझा पलंग होता."

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि केक करणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. हेस्टरबाई, आमच्या त्या दिवशीच्या टाळ्या मात्र तुम्ही पोटात नाही घातल्यात तरी चालेल.