थंड ठेवा, म्हणाले डॉक्टर

माझा जन्म माहुलचा आणि सासरही माहुलच, चार घरं सोडून, त्यामुळे लग्न झालं तरी वास तोच, एकीकडे सुकट, दुसरीकडे रिफायनरीचा धूर. सासू आणि मी घाटकोपरच्या बाजारात मासळी विकतो. मुलगी एकच, चंदा. सातवीत गेली तरी दुसरीतली वाटायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, अगं हिला जेवायला घालतेस की नुसता वास देतेस. मी हसायचे, काय करणार, रोज त्यांच्याच शेजारी बसायचं.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असते, उंचीचा रस हिच्या ग्रंथीत आहे, पण तो सोडायचा हुकूम तिला मिळत नाही. परदेशात तो हुकूम आता प्रयोगशाळेत बनवतात, त्याचं इंजेक्शन आहे, अजून दुकानात आलेलं नाही, पण तिथला माझा मित्र पाठवेल. तसं आणवलं त्यांनी. गल्लीतली नर्स रोज टोचायची, आणि काय सांगू तुम्हाला, काही महिन्यांत शाळेचा फ्रॉक आखूड झाला, मी शिवण उसवून खाली सोडला, तोही पुरेना.

बाटल्या नर्सच्या फ्रीजमध्ये असायच्या. ती दोन दिवस गावी गेली आणि नेमक्या तेव्हाच नवीन बाटल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, ती येईपर्यंत थंड ठेवा. आता थंड म्हटलं की आमच्याकडे एकच थंड. सासूनं पेटीत बर्फ फोडला, पापलेटाला मारतो तसं वर मीठ मारलं, मिठानं बर्फ आणखी गार होतो, बाटल्या मधोमध पुरल्या, गोणपाट घातलं. नर्स आल्यावर उघडलं तर औषधाचे खडे, काही बाटल्या तडकलेल्या.

गोठलं की ते औषध मेलं, डॉक्टर म्हणाले. ओरडले नाहीत. म्हणाले, चूक माझी, किती थंड ते मी सांगायला हवं होतं. मित्राला पुन्हा पुन्हा लिहिलं त्यांनी, पण तिथं ते औषध बनवायचंच बंद झालं होतं. औषध आलं नाही.

सासू जेवेना. ताट पुढे ठेवलं की सरकवायची. तेव्हा चंदा तिच्यासमोर जाऊन बसली, म्हणाली, आजी, मी काय सुरमई आहे, लांबी बघून भाव करायला? जेव गपचूप. म्हातारी रडली, मग जेवली.

चंदा आता अकरावीला आहे. माझ्या खांद्याच्या खालीच राहिली. त्या डॉक्टरांचं देव भलं करो, परक्या पोरीसाठी एवढं कोण करतं. बाजारात नवीन गिऱ्हाईक अजून विचारतं, पोरगी कितवीला, सहावीला का? चंदा सांगते, कॉलेजला, आणि लगेच मासळीचा भाव सांगते. तेवढा वेळ सासू पाटीतले मासे उगाच वरखाली करत राहते. बाकी आमचं बरं चाललंय.